लस सैनिकांची, कसोटी गिरणी कामगारांची

अँथ्रॅक्स म्हणजे आपल्याकडची जनावरांची काळपुळी. जैविक हल्ल्याच्या भीतीने अमेरिकेने १९९८पासून आपल्या सैनिकांना तिची लस टोचली. पण ही लस माणसाला वाचवते, हे कळलं कुठे? गिरणीत!

न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावच्या गिरणीत बकरीच्या केसांवर काम चाले. केसांसोबत जंतूही येत. या लशीच्या आधीच्या रूपाची चाचणी तिथल्या कामगारांवर सुरू असतानाच, १९५७ साली नऊ जणांना अँथ्रॅक्स झाला. चौघे दगावले. नऊपैकी एकालाही लस मिळालेली नव्हती. लस घेतलेले मात्र वाचले; जंतूच्या विषाशी लढायला त्यांचं शरीर आधीच तयार झालं होतं.

मंडळी, मला एवढंच वाटतं, देशाच्या संरक्षणाचा इतिहास लिहिताना सेनापतींच्या शेजारी त्या चौघांचीही नोंद हवी.