वांशिक लघुउद्योग व भांडवल (अमेरिका)
मालकाचा वंश, त्याने भांडवल उभे करण्याची रीत आणि धंदा टिकण्याची शक्यता यांचा संबंध. समाजशास्त्रज्ञ आयव्हन लाइट यांनी १९७२ मध्ये चिनी ‘हुई’ आणि जपानी ‘तानोमोशी’ या फिरत्या पतमंडळांना या समाजांच्या दुकानदारीचे श्रेय दिले. कोरियनांची ‘क्ये’ याच जातीची. आपल्याकडची भिशीच म्हणा ना! सभासद ठराविक हप्ता भरतात आणि जमलेली रक्कम पाळीपाळीने एकेकाला मिळते. तारण असते ते ओळखीचे.

हे चित्र आकर्षक असले, तरी पुढे अर्थशास्त्रज्ञ टिमथी बेट्स यांनी ते बरेच फिके केले. चिनी व कोरियन स्थलांतरितांच्या धंद्यांत मुख्य पैसा घरच्या शिलकीचा, त्याखालोखाल बँककर्जाचा होता; भिशीचा वाटा किरकोळ. धंदा टिकला तो मालकाचे शिक्षण आणि सुरुवातीचे भांडवल यांच्या बळावर. कृष्णवर्णीयांना नेमके हे भांडवलच तोकडे पडते. पिढ्यान्‌पिढ्या मालमत्ता साठू न शकल्याने गहाण ठेवायला घर नसते. शिवाय पत सारखी असूनही त्यांचे अर्ज अधिक प्रमाणात नाकारले जातात, असे अर्थशास्त्रज्ञ ब्लँचफ्लॉवर आदींच्या २००३ च्या अभ्यासात दिसले. वास्तविक वंशाच्या आधारे पतपुरवठ्यात भेदभाव करण्यास अमेरिकेत १९७० च्या दशकापासूनच कायद्याने बंदी आहे.