एक गिटार, दोन ॲम्प्लिफायर आणि तिसरी तार

१/ ३ मे १९७२. वेल्समधील स्वान्सी शहरातील ‘टॉप रँक’ सभागृह. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर उभा होता. वय अवघे २७. एका हाताची बोटे गिटारच्या तारांवर असताना त्याचा दुसरा हात मायक्रोफोनला लागला. त्या मायक्रोफोनचे भूसंपर्कन, म्हणजेच अर्थिंग, झालेले नव्हते. हार्वे कोसळला तो पुन्हा उठला नाही.

२/ हा केवळ दुर्दैवी अपघात मानून पुढे जाता येत नाही. गिटार एका ॲम्प्लिफायरला जोडलेली, मायक्रोफोन दुसऱ्याला. या दोन यंत्रणांना जोडणारा दुवा त्या क्षणी तारेचा नव्हता, माणसाच्या देहाचा होता. एक गिटार दोन ॲम्प्लिफायरना जोडण्याचा इतिहास मुळात याच प्रश्नाचा इतिहास आहे: दोन यंत्रणांमधील विजेने कोणत्या वाटेने जावे?

३/ आरंभ १९३१-३२ चा. अमेरिकेत रिकेनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही विद्युत गिटार आली. चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे, हा तिचा पिकअप. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवतो. बाहेरचा गोंगाट कमी व्हावा म्हणून अशा गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडण्याची पद्धत रूढ झाली. परिणामी वादकाची बोटे वाजवताना सतत त्या सांगाड्याशी जोडलेली असतात.

४/ तो सांगाडा सुरक्षित असेल, तर चिंता नाही. परंतु त्या काळातील बहुतेक अमेरिकन ॲम्प्लिफायरना दोन पिनांचाच प्लग असे. आवाजातील घुमणे कमी करण्यासाठी विजेची एक तार आणि सांगाडा यांच्यामध्ये एक कपॅसिटर बसवला जाई. तो आतून निकामी झाला, तर घरातील वीज थेट सांगाड्यावर, तेथून तारांवर आणि तारांवरून बोटांत. तंत्रज्ञांनी या भागाला ‘डेथ कॅप’, म्हणजे मृत्यूचा कपॅसिटर, असे नाव दिले ते उगाच नव्हे.

५/ उपाय ठाऊक नव्हता असे नाही. भूसंपर्काची तिसरी पिन असलेल्या प्लगचे पेटंट फिलिप लाब्रे यांना अमेरिकेत १९२८ मध्येच मिळाले होते. तिसऱ्या तारेचे काम साधे आहे. वीज चुकून सांगाड्यावर आली, तर ही तार तिला कमी अडथळ्याची वाट देते. त्या वाटेने एकदम मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज वितळतो आणि यंत्र बंद पडते. मात्र जुन्या घरांत, सभागृहांत आणि यंत्रांत ही तार पोहोचायला कित्येक दशके लागली.

६/ दरम्यान १९५८ च्या सुमारास स्टिरिओ ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या आणि गिटार बनवणाऱ्यांनाही स्टिरिओचे वेध लागले. ग्रेच कंपनीने १९५८ मध्ये ‘प्रोजेक्ट-ओ-सॉनिक’ गिटार आणली. तिच्या खर्जाच्या तारांचा आवाज एका ॲम्प्लिफायरमध्ये, तर उंच स्वरांच्या तारांचा दुसऱ्यात जाई. १९५९ ची गिब्सन ईएस-३४५ आणि १९६० ची रिकेनबॅकरची ‘रिक-ओ-साउंड’ यांत दोन पिकअप दोन ॲम्प्लिफायरना वेगवेगळे जोडता येत. एका वादकाचा स्वर आता दोन दिशांनी येऊ लागला.

७/ पण सुरांबरोबर एक आगंतुकही आला: सतत घुमणारा ‘हम्म’ असा आवाज. दोन्ही ॲम्प्लिफायर आपापल्या तिसऱ्या पिनेने जमिनीशी जोडलेले. शिवाय गिटारच्या केबलवरील धातूच्या जाळीने दोघांचे सांगाडे एकमेकांशीही जोडलेले. अशा रीतीने एक बंद कडे तयार होते. आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र आणि दोन सॉकेटांमधील विद्युतदाबाचा किंचित फरक यांमुळे त्या कड्यातून प्रवाह फिरतो. ॲम्प्लिफायर त्यालाही संगीत समजून वाढवतो. यालाच ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

८/ हा आवाज त्रासदायक असतो, प्राणघातक नसतो. प्राणघातक ठरला तो त्यावरचा घरगुती इलाज. एका ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कापून टाकली, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खोचला, की कडे तुटते आणि घुमणे थांबते. शांतता पसरते आणि वादकाला वाटते, काम फत्ते झाले. प्रत्यक्षात त्याने रोग तसाच ठेवून पहारेकऱ्याला घरी पाठवलेले असते.

९/ पहारेकरी नसताना काय होऊ शकते, याचा इशारा स्वान्सीच्या साडेसहा वर्षे आधीच मिळाला होता. डिसेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे ‘रोलिंग स्टोन्स’च्या कार्यक्रमात कीथ रिचर्ड्सची गिटार मायक्रोफोनच्या स्टँडला लागली. ठिणगी उडाली आणि तो बेशुद्ध पडला. तो वाचला. त्याच्या बुटांचे तळवे जाड रबराचे होते, हे त्याच्या बचावाचे कारण सांगितले जाते. १२ मे १९७६ रोजी ‘यार्डबर्ड्स’चा माजी गायक कीथ रेल्फ मात्र इंग्लंडमधील स्वतःच्या घरी, सदोष अर्थिंगच्या गिटारचा धक्का बसून मरण पावला.

१०/ ‘फ्यूज असताना भीती कसली?’ या प्रश्नाचे उत्तर बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांच्या प्रयोगांत आहे. स्वयंसेवकांवर मोजमाप करून त्यांनी दाखवले की, पुरुषांच्या बाबतीत सरासरी सुमारे १६ मिलीॲम्पिअर प्रवाहाच्या पुढे पकडलेली वस्तू हातातून सोडवता येत नाही. ६० वॅटचा साधा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलीॲम्पिअर घेतो. म्हणजे बल्ब पेटवणाऱ्या प्रवाहाचा सोळावा हिस्साही माणसाला जखडून ठेवण्यास पुरेसा असतो. एवढ्याशा प्रवाहाने फ्यूज वितळत नाही. फ्यूज तारेला वाचवतो, देहाला नाही.

११/ म्हणूनच डॅलझील यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जाणारा आणि परतणारा प्रवाह यांतील फरक ओळखून तत्क्षणी वीज तोडणारे उपकरण विकसित केले. आज घराघरांत जो ‘आरसीसीबी’ बसवला जातो, तो याच तत्त्वावर चालतो. माणसांच्या रक्षणासाठी तो बहुधा ३० मिलीॲम्पिअरचा असतो.

१२/ दोन ॲम्प्लिफायरचा प्रघात पुढे वाढतच गेला. जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ मध्ये ‘जॅझ कोरस’ जेसी-१२० आणला; त्याच्या एकाच पेटीत दोन ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर होते. त्याच कोरसची पायाजवळ ठेवायची स्वतंत्र पेटी, सीई-१, १९७६ मध्ये आली. तिला स्टिरिओसाठी दोन आउटपुट होते. एक ॲम्प्लिफायर डावीकडे, एक उजवीकडे, ही रचना अनेकांना हवीहवीशी वाटू लागली आणि तिच्यासोबत तो घुमणारा आवाजही.

१३/ योग्य उपाय मात्र गिटारहून शंभर वर्षे जुना निघाला. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने दाखवले होते की, एका वेटोळ्यातील बदलता प्रवाह शेजारच्या वेटोळ्यात, तारेने न जोडताही, विद्युतदाब निर्माण करतो. हेच ट्रान्सफॉर्मरचे तत्त्व आणि हेच पिकअपचेही. गिटारचा सिग्नल दोघांत वाटणाऱ्या चांगल्या पेटीत एक वाट सरळ जाते, तर दुसरी १:१ ट्रान्सफॉर्मरमधून. सूर चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे पोहोचतो, पण दोन सांगाड्यांना जोडणारी जाळी तेथे तुटते.

१४/ म्हणजे कडे तोडायचेच असते. फक्त ते सिग्नलच्या वाटेवर तोडायचे, विजेच्या प्लगमध्ये नव्हे. किंबहुना अशी पेटी वापरताना दोन्ही प्लगांची तिसरी पिन अधिकच आवश्यक ठरते. कारण एका ॲम्प्लिफायरची पिन कापलेली असेल आणि जाळीही तुटलेली असेल, तर त्याच्या सांगाड्याला जमिनीपर्यंत कोणतीच वाट उरत नाही. मग वाट उरते ती स्पर्श करणाऱ्याची.

१५/ उरलेले नियमही याच विचारातून येतात. दोन्ही ॲम्प्लिफायर शक्यतो एकाच बोर्डावरून चालवावेत. कडे लहान राहते आणि घुमणे कमी होते. दोन पिनांचा जुना ॲम्प्लिफायर जाणकार तंत्रज्ञाकडून तीन तारांच्या केबलवर आणून, तो कुप्रसिद्ध कपॅसिटर काढून घ्यावा. दोन्ही एकत्र वाजवल्यावर खर्ज हरवून आवाज पोकळ वाटला, तर दोघांचे फेज उलट आहेत असे समजावे. पेटीवरील फेजचे बटण त्यासाठीच असते.

१६/ भारतातील तीन पिनांचा गोल प्लग हा ब्रिटनच्या बीएस ५४६ या १९३४ च्या मानकाचा वारस आहे. गणेशोत्सवाच्या मांडवापासून ऑर्केस्ट्राच्या रंगमंचापर्यंत तो सर्वत्र दिसतो. त्याची वरची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. त्यामागे हेतू आहे: प्लग लावताना भूसंपर्क सर्वांत आधी जुळावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. वीज येण्यापूर्वी हजर राहणारी आणि वीज गेल्यावरच निघणारी अशी ती पिन आहे.