बुळकांडी

परवा कल्याणला दुर्गाडीच्या बाजूने येताना तबेल्यांचा वास आला आणि २०२२ साल आठवलं. त्या वर्षी आपल्या ठाणे जिल्ह्याने सरकारची दोन रूपं पाहिली. फेब्रुवारीत शहापूरजवळ वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला आणि सुमारे २५ हजार कोंबड्या मारायचं ठरलं. सप्टेंबरात राज्यभर लम्पी पसरला. तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले आणि गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. एकीकडे सुरी, दुसरीकडे सुई!

खुराड्यातली कोंबडी मोजता येते, रानातलं जनावर नाही. इंग्लंडमध्ये गुरांच्या क्षयाचा ठपका बिळात राहणाऱ्या बॅजरवर होता. १९९८ पासून चाचणी म्हणून सुमारे ११ हजार बॅजर मारले. मारलेल्या भागात गुरांचा रोग थोडा घटला, पण शेजारी वाढला, कारण उरलेले बॅजर बिथरून दूरवर फिरू लागले. यातून फारसं साधणार नाही, असं तज्ज्ञांनी २००७ मध्ये सांगितलं. तरी २०१३ पासून सरकारने मारणं पुन्हा सुरू केलंच.

आता आपली गोष्ट. बुळकांडी हा शब्द मी आजीकडून ऐकलेला. तिच्या लेखी गोठा रिकामा करणारा रोग तो हाच. त्यासारख्या रोगांच्या अभ्यासासाठी इंग्रजांनी १८८९ मध्ये प्रयोगशाळा काढली, तीही आपल्या पुण्यात! १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिथे १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला, लस तयार झाली. १९५४ पासून देशभर टोचणी मोहीम चालली. १९९५ नंतर भारतात बुळकांडी दिसली नाही आणि २०११ मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं.

मला थक्क करतं ते आफ्रिकेतलं. सेरेंगेटीतले विल्डबीस्ट बुळकांडीने मरायचे. आजूबाजूच्या गुरांना लस दिली आणि १९६० च्या दशकात रानातला रोगही आटला. मग अडीच लाखांच्या आसपासचे विल्डबीस्ट १९७० च्या दशकाअखेर १३ लाखांच्या घरात गेले. म्हणजे रोग रानातून गोठ्यात येत नव्हता, गोठ्यातून रानात जात होता!

उद्या तानसाच्या जंगलातल्या एखाद्या प्राण्यावर खापर फुटलं, तर मंडळी, आधी एवढंच विचारा : रोग कुठून कुठे गेला?

असो. आजी असती तर तिला सांगितलं असतं, बुळकांडी गेली गं.