रुमालात बांधलेली सनद

बेळगाव, चिकोडी, निपाणी, खानापूर या पट्ट्यातील जुन्या घरांत देव्हाऱ्याजवळच्या पेटीत लाल वा पांढऱ्या कापडात बांधलेले एक गाठोडे सापडते. त्याला रुमाल म्हणतात. आत मोडी लिपीतले कागद असतात : सनद, वतनपत्र, महजर, कौलनामा. घरातले कोणी ते वाचू शकत नाही, तरी दसऱ्याला त्यावर हळदकुंकू वाहिले जाते. 'पणजोबांचे आहे' एवढेच उत्तर मिळते.

या कागदांनी एके काळी घरे तारली आणि बुडवलीही. 10 एप्रिल 1818 रोजी बेळगावचा किल्ला मन्रोच्या स्वाधीन झाला. 1839 साली सिद्धोजीराव निंबाळकर वारले आणि निपाणीची जहागीर कंपनी सरकारने खालसा केली. जहागीरदारांचे हे झाले. लहान इनामदारांची पाळी त्यानंतर आली. दक्षिण महाराष्ट्रातील इनामांची चौकशी 1843 पासूनच चालू होती. 1852 च्या अकराव्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे पूर्ण बळ मिळाले. प्रश्न एकच असे : कागद दाखवा. वाळवी लागलेली सनद, पुरात वाहून गेलेले दप्तर, भाऊबंदकीत दुसऱ्या घरी गेलेला महजर यांची किंमत जमिनीने मोजावी लागली. 1857 पूर्वीच्या पाच वर्षांत सुमारे 35 हजार इनामे तपासून त्यांतील 20 हजारांच्या आसपास जप्त झाली, हा इतिहासग्रंथांतून नेहमी दिला जाणारा आकडा आहे. गावोगावचे जे कागद कमिशनने गोळा केले, त्यांचे 'जमाव' नावाचे स्वतंत्र दप्तर पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही आहे. आपल्या घरचा हरवलेला कागद तेथे असणे अशक्य नाही.

या कागदांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो महजर. वतनाच्या वादात गावसभा बसे, निवाडा लिहिला जाई आणि शेवटी गोताची साक्ष पडे. ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या कामाचे हत्यार काढी. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी, परटाची मोगरी, लोहाराचा सांडस. घरमालक ज्याला 'आमची सनद' म्हणतो, त्या कागदाच्या तळाशी अशी निम्म्या गावाची माणसे उभी असतात. त्यांच्या वंशजांच्या घरी बहुधा रुमाल नाही. त्यांच्या पूर्वजांची एकमेव खूण दुसऱ्याच्या पेटीत आहे.

तारीखही वाचण्यासारखी असते. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिना, आणि वर्ष अरबी आकड्यांच्या शब्दांत. बेळगावचा किल्ला पडला ते सुहूर वर्ष 1218, म्हणजे 'समान अशर मयातैन व अलफ' : आठ, दहा, दोनशे आणि हजार. मराठी कारकून हे बोरूने, हात न उचलता, लिहून जाई.

एक सावधगिरी मात्र आपणच बाळगावी. घरात मोडी कागद आहे म्हणून त्या घराची मातृभाषा मराठी, असे अनुमान निघत नाही. पेशवाईत, पटवर्धनी मुलखात, कोल्हापूर संस्थानात दप्तर मराठी होते. कन्नड बोलणाऱ्या घरीही त्याच लिपीतली सनद आहे. जे सिद्ध होते ते वेगळे, आणि लहान नाही : या मातीचा व्यवहार शतकानुशतके मराठीतून लिहिला गेला. 1 नोव्हेंबर 1956 ला नकाशा बदलला, पण गाठोडी जिथल्या तिथे राहिली.

शाळांतून मोडी गेली 1950 च्या सुमारास. 2014 साली ती युनिकोडमध्ये आली, म्हणजे संगणकाला ती कळू लागली. नातवंडांना अजून नाही. घर पाडून नवे बांधताना रुमाल रद्दीत जातो, हे आपल्या डोळ्यांदेखत चालले आहे. तेव्हा ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी त्यांवर हळदकुंकू वाहणे थांबवावे, प्लॅस्टिकच्या आवरणात ते कायमचे चिकटवून टाकू नयेत, चिकटपट्टी लावू नये. पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशी, सावलीत, एकेक घडी हळूच उलगडून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पाठीमागची कोरी वाटणारी बाजूही. शेरे पुष्कळदा तिथेच असतात.