वीस वर्षांची हुंडी

ऑगस्ट १९५५ मध्ये अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद जिनिव्हात भरली. अध्यक्ष होते मुंबईचे डॉ. होमी भाभा, वय ४५. युरेनियमचं केंद्रक फोडून वीज कशी करायची, यावर जमलेले शास्त्रज्ञ बोलणार होते. भाभा अध्यक्षीय भाषणात त्याच्याही पुढे गेले. हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत सांधून मिळणारी ऊर्जा काबूत आणण्याची रीत येत्या दोन दशकांत सापडेल, असं भाकीत त्यांनी केलं. तसं झालं की इंधनाची ददात कायमची मिटेल, कारण समुद्रात जड हायड्रोजन मुबलक आहे, असंही ते म्हणाले.

फ्यूजनची, म्हणजे अशा सांधण्यातून मिळणारी, वीज नेहमीच ‘अजून वीस वर्षांवर’ असते, हा विज्ञानातला आता शिळा झालेला विनोद. त्याचं मूळ शोधत मागे गेलं की हे भाषण लागतं. मला तो विनोद तितकासा पटत नाही. मुदत तीच राहिली हे खरं. पण या हुंडीवर सही करणारा दर पिढीत बदलत गेला, आणि न वटल्यास भुर्दंड कोणाला, हेही बदललं. खरा इतिहास तिथे आहे.

भाभांची सही शास्त्रज्ञाची होती आणि ती बेफिकिरीने केलेली नव्हती. सूर्य हायड्रोजनचं हेलियम करून तळपत असावा, असं एडिंग्टन यांनी १९२० सालीच सुचवलं होतं. केंब्रिजमध्ये रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी १९३४ साली जड हायड्रोजनची केंद्रकं प्रयोगशाळेत एकमेकांवर आदळून सांधली होती. भाभांची घडणही त्याच केंब्रिजमधली. १९५२ साली अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब फोडला, म्हणजे ऊर्जा निघते याबद्दल शंका उरली नव्हती. शिवाय समोर विखंडनाचं, म्हणजे केंद्रक फोडण्याचं, उदाहरण होतं. डिसेंबर १९३८ मध्ये शोध लागला आणि १९५४ साली रशियातल्या ओब्निन्स्कच्या अणुभट्टीची वीज तारांतून वाहूही लागली. एकूण सोळा वर्षं! त्या हिशेबाने भाभांनी चार वर्षं जास्तच धरली होती.

फसगत झाली ती निसर्गाच्या एका भेदभावामुळे. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो युरेनियमच्या केंद्रकात बिनविरोध शिरतो. हायड्रोजनची दोन केंद्रकं मात्र एकमेकांना दूर लोटतात. ती सांधायची तर वायू सुमारे पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवायला हवा. त्या तापमानाला कुठलंही भांडं टिकत नाही, म्हणून हा तापलेला वायू, म्हणजे प्लाज्मा, चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरायचा. आणि तो वळवळतो, निसटतो, भिंतीला लागून थंड होतो. हे किती अवघड आहे याची कल्पना १९५५ साली कोणालाच नव्हती, कारण अमेरिका, ब्रिटन आणि रशिया तिघेही हे काम एकमेकांपासून लपवून करत होते.

ब्रिटनने आधी घाई केली. हार्वेलच्या ‘झीटा’ यंत्रात फ्यूजन घडल्याची घोषणा जानेवारी १९५८ मध्ये झाली, वर्तमानपत्रांनी पहिलं पान दिलं आणि मे महिन्यात घोषणा मागे घ्यावी लागली. पुरावा म्हणून दाखवलेले न्यूट्रॉन खरे होते, पण प्लाज्माच्या उष्णतेतून आलेले नव्हते. तेव्हापासून या क्षेत्रात तापमानाचा दावा कोणी केला की आधी थर्मामीटर कोणाचं, असं विचारलं जातं.

दहा वर्षांनी हाच प्रश्न रशियनांच्या कामी आला. १९६८ साली नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत आर्त्सिमोविच यांनी सांगितलं, की आमच्या टी-३ या टोकामाकमध्ये, म्हणजे प्लाज्मा चुंबकीय क्षेत्रात धरणाऱ्या यंत्रात, सुमारे एक कोटी अंशांचा प्लाज्मा तयार झाला. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी अविश्वासाने माना हलवल्या. तेव्हा आर्त्सिमोविच यांनी सरळ ब्रिटिशांनाच मोजायला बोलावलं. शीतयुद्ध ऐन भरात, आदल्याच वर्षी रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसलेले, आणि १९६९ साली ब्रिटनमधल्या कलहॅम प्रयोगशाळेचं पथक आपली लेसर-उपकरणं घेऊन मॉस्कोत दाखल झालं. मोजमाप रशियनांच्या बाजूने पडलं. त्यानंतर काही वर्षांतच जगभर मेदूवड्याच्या आकाराचे टोकामाक दिसू लागले. गांधीनगरजवळचा १९८९ चा ‘आदित्य’ याच घराण्यातला.

पुढची सही सरकारने केली. तेलाचे भाव भडकलेले असताना, १९८० साली, अमेरिकेत कायदाच झाला: शतक संपेपर्यंत फ्यूजनचं प्रात्यक्षिक वीजकेंद्र उभं करायचं. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली, पुढे तेल स्वस्त झालं आणि पैसा आलाच नाही. लिव्हरमोरमध्ये ३७ कोटी डॉलर खर्चून बांधलेलं एक अवाढव्य यंत्र १९८६ साली तयार होताच, एकदाही न वापरता, बंद करण्यात आलं. भुर्दंड करदात्याला बसला, कायद्यावर सही करणाऱ्या कोणालाही नाही.

त्यानंतर सही इतक्या जणांनी मिळून केली, की जबाबदार कोण हेच कळेनासं झालं. १९८५ साली, पुन्हा जिनिव्हातच, रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले आणि त्यातून ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय फ्यूजन-यंत्राची कल्पना निघाली. २००६ साली भारतासह सात भागीदारांचा करार झाला. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या या यंत्राचं तीस मीटर उंचीचं पोलादी कवच लार्सन अँड टुब्रोच्या हजिऱ्याच्या कारखान्यात घडलं. काम अव्वल आहे. तारखांचं मात्र काय सांगावं? पहिला प्लाज्मा आधी २०१६ साली होणार होता. आता खरं इंधन घालून चालवायचं साल २०३९ आहे. आणि तेव्हाही ईटर वीज करणार नाही, तो केवळ प्रयोग आहे.

मग बाजार आला. नव्या अतिवाहक पट्ट्यांपासून २०२१ साली बॉस्टनजवळ वीस टेस्लाचं चुंबक तयार झालं. चुंबकीय क्षेत्र दुप्पट केलं तर तेवढ्याच जागेतली फ्यूजनची शक्ती सोळापट होते, म्हणून यंत्र लहान करता येतं, आणि लहान यंत्रात खासगी पैसा गुंतवता येतो. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने हेलियन कंपनीशी २०२८ पासून वीज घेण्याचा करार केला. वीज दिली नाही तर कंपनीला दंड आहे. २०२५ साली गूगलने कॉमनवेल्थ फ्यूजनच्या व्हर्जिनियातल्या नियोजित केंद्राची २०० मेगावॅट वीज आगाऊ घेतली. २०२८ ही तारीख मला पटत नाही. पण सत्तर वर्षांत पहिल्यांदाच तारीख चुकल्यास सही करणाऱ्याच्या खिशाला चाट बसणार आहे. शास्त्रात फरक पडो न पडो, बोलण्यात पडतोच.

भाभांच्या समुद्रात एक गोष्ट मात्र नाही. आज आखल्या जाणाऱ्या बहुतेक फ्यूजन-भट्ट्यांना जड हायड्रोजनच्या जोडीला ट्रिटियम लागतं, आणि त्याचं आयुर्मान जेमतेम: दर बारा वर्षांत निम्मं. हजार मेगावॅटचं फ्यूजन वर्षभर चालवायला सुमारे ५५ किलो हवं. जगातला नागरी साठा २५-३० किलोंच्या आसपास, तोही मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतला. म्हणून भट्टीभोवती लिथियमचं वेष्टन घालून, निसटत्या न्यूट्रॉनांकरवी ट्रिटियम तिथेच पिकवायचं, असा बेत आहे. असं वेष्टन चालत्या भट्टीत पुरेसं ट्रिटियम पिकवताना आजवर कोणी पाहिलेलं नाही. गूगलने घेतलेले २०० मेगावॅट अशाच भट्टीचे आहेत.