जळगावचे घरकुल : ११,४२४ घरांची गोष्ट

मेहरूण म्हटले की खानदेशी माणसाला आधी बोरे आठवतात, मग तलाव. जळगाव पसरत गेले आणि हे गाव शहराच्या पोटात आले. डाळमिल, प्लास्टिकच्या चटया आणि पाइपांचे कारखाने यांनी कामगार ओढून आणले. त्यांना काम मिळाले. घर मात्र बहुतेकांना स्वतःच उभारावे लागले, पत्र्याचे, मिळेल त्या जागेवर.

यावर तोडगा म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी ११,४२४ घरकुले बांधण्याचे ठरवले. त्या आकाराच्या शहरासाठी हा आकडा प्रचंड होता. १९९९ मध्ये काम सुरू झाले.

पैसा आला हुडकोकडून. १९७० मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था घरबांधणीसाठी कर्ज देते. अनुदान नव्हे, कर्ज. (महाराष्ट्रात अनेक गावांत ‘हुडको’ हे वस्तीचेच नाव होऊन बसले आहे, जळगावातही ‘पिंप्राळा हुडको’ आहे. सावकाराचे नाव घराला मिळावे, असा हा प्रकार.)

घरबांधणीचा इतिहास वाचताना आपण विटा आणि सिमेंट मोजतो. खरी कळ असते जमिनीत. जागा पालिकेच्या मालकीची आहे का? ती बिगरशेती झाली आहे का? हे प्रश्न निविदेच्या आधीचे. जळगावात क्रम उलटला, असे पुढे फिर्यादीत नोंदवले गेले : जमिनीचा निकाल लागण्याआधीच ठेका दिला गेला आणि ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कमही मिळाली. पूर्ण झाली ती सुमारे दीड हजार घरे.

२००३ मध्ये पालिकेची महापालिका झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. प्रशासनाने आपल्याच संस्थेच्या जुन्या कारभाराविरुद्ध उभे राहावे, हे आपल्याकडे क्वचित घडते. तरीही माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक व्हायला २०१२ उजाडले.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने सुमारे २९ कोटींच्या या गैरव्यवहारात ४८ जणांना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षे कैद आणि १०० कोटी रुपये दंड, गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे कैद. दोषींमध्ये अनेक माजी नगरसेवक होते, कारण ठराव सभागृहात मंजूर झाले होते आणि हात वर करणाऱ्यांनाही न्यायालयाने जबाबदार धरले. शिक्षेविरुद्ध अपिले उच्च न्यायालयात गेली.

कर्ज मात्र खटल्यासाठी थांबले नाही. घर पुरे होवो वा न होवो, व्याज चढतच होते. वसुलीपायी महापालिकेची बँक खाती गोठवली जाण्यापर्यंत वेळ आली. ज्या तिजोरीतून रस्ते, पाणी आणि सफाई कामगारांचे पगार भागायचे, तीच अडकली. १९९९ मध्ये ज्या झोपड्यांसाठी घरे मोजली गेली, त्यांतली पाच वर्षांची मुले निकालाच्या दिवशी पंचवीस वर्षांची झाली होती.