पंखांच्या शिरांवरून क्रेन फ्लायची ओळख

पावसाळ्यात जुईनगरमधील इमारतींच्या जिन्यांत, दिव्याजवळच्या भिंतीवर, कधीकधी लांबलचक पायांचा एक कीटक चिकटून बसलेला दिसतो. 'मोठा डास' म्हणून त्याच्यावर चप्पल उगारली जाते. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत ही धास्ती समजण्यासारखी असली, तरी ती अनाठायी आहे. हा कीटक म्हणजे क्रेन फ्लाय. डासाप्रमाणे तीही द्विपंखी गणातली. परंतु ती रक्त शोषत नाही आणि डेंग्यू-मलेरियाशी तिचा काही संबंध नाही. तिच्या बहुतेक अळ्या ओल्या मातीत, शेवाळात किंवा कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढतात.

जगात क्रेन फ्लायच्या पंधरा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. एवढ्या पसाऱ्यात एखाद्या नमुन्याची प्रजाती, म्हणजे निकटच्या जातींचा गट, ठरवायची तर मुख्य आधार पंखांचाच. पाय हात लागताच गळून पडतात, वाळलेल्या नमुन्याचा रंग उतरतो. शिरांचे जाळे मात्र वर्षानुवर्षे टिकते. एन्रिको ब्रुनेटी यांनी 1912 साली ब्रिटिश हिंदुस्थानातील द्विपंखी कीटकांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात क्रेन फ्लायचा समावेश होता आणि डास मात्र वगळलेले होते! पुढे अमेरिकेतील चार्ल्स पॉल अलेक्झांडर (1889-1981) यांनी अकरा हजारांवर जातींचे वर्णन केले. त्यांत भारतातील जातीही पुष्कळ आहेत.

प्रथम नमुना क्रेन फ्लायचाच आहे ना, हे पाहावे. वक्षाच्या पाठीवर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच असते. पंखाच्या मागच्या भागातील दोन गुद-शिरा थेट कडेपर्यंत पोहोचतात. डासाच्या शिरांवर खवले असतात, ते येथे नसतात.

यानंतर पंखाच्या पुढच्या कडेजवळची सबकॉस्टा ही शीर पाहावी. ती टोकाशी मागे वळून रेडियस शिरेला मिळत असेल, तर नमुना टिप्युला आणि तिच्या नातलगांचा. कडेच्या कॉस्टा शिरेला मिळत असेल, तर बहुधा लिमोनियाच्या परिवारातला. या परिवाराला आता अनेक अभ्यासक स्वतंत्र कुल मानतात.

रेडियस शिरेतून फुटणाऱ्या फाट्याला रेडियल सेक्टर म्हणतात. टिप्युलामध्ये हा फाटा लांब असतो आणि पंखाच्या बाहेरील कडेवरचा 'एम-1' हा कप्पा देठावर बसवल्यासारखा दिसतो. नेफ्रोटोमामध्ये फाटा आखूड व तिरका असतो, तर त्या कप्प्याला देठ नसतो किंवा अगदी तोकडा असतो. पिवळ्या अंगावर काळे चकचकीत पट्टे दिसले, तर नेफ्रोटोमाचा संशय आणखी बळावतो.

लिमोनिया आणि डायक्रॅनोमायिया यांच्यात 'एम-1' कप्पाच नसतो व रेडियल सेक्टरच्या दोनच शाखा कडेला पोहोचतात. डायक्रॅनोमायियाची सबकॉस्टा सेक्टरच्या उगमाच्या आसपास संपते, लिमोनियाची बरीच पुढे जाते. येथवर शिरा साथ देतात. जेरॅनोमायिया मात्र चकवते. तिचा पंख या दोघींसारखाच, पण मुखांगे लांब सोंडेसारखी असल्याने ती डासच वाटते. त्या सोंडेने ती फुलांतील मधुरस पिते. येथे पंखाबरोबर तोंडही तपासणे भाग आहे.

दहापट भिंग आणि पंखामागून येणारा उजेड एवढ्यावर काम भागते. छायाचित्र घ्यायचे तर पंख पसरलेला हवा. मिटलेल्या पंखांत शिरा एकमेकींवर येतात. क्वचित एकाच कीटकाच्या डाव्या-उजव्या पंखांतील शिरांतही फरक आढळतो, तेव्हा दोन्ही पंख पाहावेत. जात ठरवण्यासाठी मात्र बहुधा नराच्या उदराच्या टोकावरील जननांगांची रचना पाहावी लागते. म्हणून नमुना टिपताना पंख जपावाच, पण उदरही चिरडू देऊ नये, आणि सोबतच्या चिठ्ठीवर ठिकाण व तारीख लिहून ठेवावी.